आश्रयाचा अर्ज कोठे करायचा?

शिबी राजाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. ससाण्याच्या भीतीने एक कबुतर जीव घेऊन उडते आणि राजाच्या मांडीवर येऊन पडते. पाठोपाठ ससाणा येतो नि आपले भक्ष्य मागतो. राजा म्हणतो, शरण आलेल्याला मी देणार नाही. हवे तर त्याच्या भारंभार माझे मांस घे. तराजू आणला जातो आणि राजा आपल्या अंगाचे तुकडे पारड्यात टाकू लागतो. शरणागताला अभय द्यावे, हा या कथेचा बोध. शाळेत आपण तो वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

पण या गोष्टीतील एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कबुतराला पंख होते, आकाश मोकळे होते आणि राजाच्या मांडीपर्यंत पोहोचायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही. ससाण्याने त्याला वाटेतच गाठले असते तर? शिबीच्या औदार्याचा त्याला काडीचाही उपयोग झाला नसता आणि शिबीलाही कोणी बोल लावला नसता. आजच्या जगातील आश्रयाचा कायदा नेमका असाच आहे. मांडीवर येऊन पडलेल्याला तो अभय देतो. जो अजून ससाण्याच्या आकाशात आहे त्याच्यासाठी त्यात जवळजवळ काहीच नाही.

मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्याच्या जिवाला स्वतःच्या घरी, स्वतःच्या देशात धोका आहे त्याला तेथूनच, किंवा जवळात जवळच्या वकिलातीतून, आश्रयाचा अर्ज करता आला पाहिजे. त्या अर्जाचा निर्णय मुदतीत आणि कारणासह मिळाला पाहिजे. आणि हा त्याचा हक्क असला पाहिजे, कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. अशा परवान्याला ‘मानवतावादी व्हिसा’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. वस्तू मात्र दुर्मिळ आहे.

कायद्यातील ‘बाहेर’

दुसऱ्या महायुद्धात घरेदारे गमावलेल्या लोकांचा प्रश्न जगापुढे उभा राहिला तेव्हा २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९६७ च्या पुरवणी कराराने त्याची कालमर्यादा काढून टाकली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती ज्याला वाटते आणि जो आपल्या देशाच्या बाहेर आहे तो निर्वासित, अशी या कराराची व्याख्या आहे. अशा माणसाला धोक्याच्या जागी परत धाडू नये, असे ३३ वे कलम सांगते. विनापरवाना देशात शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नये, असे ३१ वे कलम सांगते. म्हणजे करार लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. जीव वाचवायला पळणारा माणूस दाखले जमवीत बसत नाही, हे त्यांना कळत होते.

तथापि या व्याख्येतला ‘बाहेर’ हा एक शब्द सगळी गोष्ट फिरवतो. बाहेर पडायचे कसे? त्यासाठी पासपोर्ट हवा, आणि तो त्याच सरकारकडे मागायचा ज्याच्या भीतीने पळायचे आहे. पासपोर्ट मिळालाच तर व्हिसा हवा. व्हिसासाठी वकिलातीत गेले की बँकेतली शिल्लक किती, नोकरी कोठे, परतीचे तिकीट काढले आहे काय, असे प्रश्न येतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, मुदत संपल्यावर परत जाल ना?

आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना पुण्यकोटी गाईची गोष्ट सांगायला नको. वाघाने तिला एका अटीवर सोडले: वासराला भेटून परत ये. ती सत्यवचनी गाय खरोखरच मरणाच्या तोंडी परत आली. आज व्हिसाच्या खिडकीवर बसलेला कारकून जिवाच्या भीतीने आलेल्या माणसाकडे पुण्यकोटीचेच वचन मागत असतो. ‘होय, परत जाईन’ असे खोटे सांगणाऱ्याला एखादे वेळी व्हिसा मिळतो. ‘परत गेलो तर मारतील’ असे खरे सांगणाऱ्याला मिळत नाही. एकाच सरकारचा आश्रयाचा कायदा म्हणतो, आलात तर संरक्षण देऊ. आणि त्याच सरकारचा व्हिसाचा कायदा म्हणतो, संरक्षण मागणार असाल तर येऊ नका.

बैरुतमधील दोन खिडक्या

हे तर्कट नव्हे. लेबनॉनची राजधानी बैरुत येथे २०१६ साली जे घडले ते पाहू.

सीरियात तेव्हा यादवी युद्ध भडकले होते आणि अलेप्पो शहर त्यात होरपळत होते. तेथील एक ख्रिस्ती जोडपे आपल्या तीन लहान मुलांसह बैरुतला आले आणि १२ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांनी बेल्जियमच्या वकिलातीत व्हिसासाठी अर्ज केला. युरोपीय संघाच्या व्हिसा-संहितेत २५ वे कलम आहे. मानवतेच्या कारणास्तव, नेहमीच्या अटी बाजूला ठेवून, एका देशापुरता मर्यादित व्हिसा देण्याची सोय त्यात आहे. कुटुंबातील एकाला सशस्त्र टोळीने पळवून नेले होते, मारहाण केली होती, छळले होते आणि खंडणी घेऊन सोडले होते. बेल्जियमला पोहोचल्यावर आम्ही आश्रय मागणार आहोत, असे त्यांनी अर्जात उघड लिहिले. दुसऱ्याच दिवशी ते सीरियात परत गेले. १८ ऑक्टोबरला नकार आला. कारण काय, तर हा व्हिसा नव्वद दिवसांचा असतो आणि तुमचा विचार तर त्याहून अधिक राहण्याचा दिसतो!

प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेले. न्यायालयाला सल्ला देणाऱ्या महाअधिवक्त्याने ७ फेब्रुवारी २०१७ रोजी मत दिले की, नकारामुळे छळ किंवा अमानुष वागणूक वाट्याला येण्याचा खरा धोका असेल तर व्हिसा देणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे. बरोबर एका महिन्याने, ७ मार्च २०१७ रोजी, न्यायालयाने उलट निर्णय दिला. दीर्घकाळ राहण्याच्या हेतूने केलेला असा अर्ज युरोपीय कायद्याच्या कक्षेतच येत नाही, तो ज्या त्या राष्ट्राने आपल्या कायद्याप्रमाणे निकालात काढावा, असे न्यायालय म्हणाले. बैरुतमध्येच अर्ज केलेल्या दुसऱ्या एका सीरियन कुटुंबाचे प्रकरण स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. ५ मे २०२० रोजी त्या न्यायालयाने सांगितले की, वकिलातीत अर्ज केल्याने माणूस त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही, म्हणून आम्हाला यात लक्ष घालता येत नाही.

आता त्याच बैरुतमधली दुसरी खिडकी पाहा. संत एजिदियो हा कॅथलिक समुदाय आणि इटलीतील प्रॉटेस्टंट चर्चसंस्था यांनी डिसेंबर २०१५ मध्ये इटलीच्या सरकारशी एक करार केला. लेबनॉनमधील निर्वासित छावण्यांतून आजारी माणसे, एकट्या स्त्रिया, लहान मुले असलेली कुटुंबे त्या संस्थांनी निवडायची, चौकशी इटलीच्या अधिकाऱ्यांनी करायची, व्हिसा इटलीने द्यायचा आणि प्रवासाचा व राहण्याचा खर्च संस्थांनी सोसायचा. पहिला करार एक हजार माणसांचा होता. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस पहिली मोठी तुकडी रोमच्या विमानतळावर उतरली. ती होडीतून आली नाही, सरळ विमानाने आली. तिला दिलेला व्हिसा त्याच २५ व्या कलमाखालचा होता!

शहर एक, साल एक, कलम एक. एका खिडकीवर विमानाचे तिकीट मिळाले आणि दुसऱ्या खिडकीवर नकार. म्हणजे अडचण कायद्याच्या शब्दांत नव्हती. देण्याची इच्छा होती तेथे त्याच शब्दांतून वाट निघाली.

युरोपच्या संसदेलाही हे उमगले होते. ११ डिसेंबर २०१८ रोजी तिने ठराव करून युरोपीय आयोगाला सांगितले की, मानवतावादी व्हिसाचा कायदा तयार करा. युरोपमध्ये ज्यांना संरक्षण मंजूर होते त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक विनापरवाना मार्गानेच तेथे पोहोचलेले असतात, हा अंदाज त्या ठरावाच्या मुळाशी होता. या आकड्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्यांची भीती खरी होती, असे खुद्द सरकारनेच मागाहून मान्य केले, त्यांच्यातल्या दहांपैकी नऊ जणांना आधी चोरवाटेने जावे लागले. आयोगाने तो कायदा आणला नाही.

हिशेबाच्या वहीतून

मी कॉमर्सला आहे. आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात की, मागणी असेल आणि सरळ मार्गाने पुरवठा होत नसेल तर काळा बाजार उभा राहतो. रेशनच्या काळातली साखर घ्या, नाहीतर सिनेमाच्या पहिल्या खेळाचे तिकीट घ्या, नियम एकच. जिवाची भीती ही अशी मागणी आहे की, भाव कितीही चढला तरी ती कमी होत नाही.

बैरुतहून ब्रुसेल्सचा विमानप्रवास काही तासांचा. मग छळाला भ्यालेला माणूस तिकीट काढून विमानात का बसत नाही? कारण विमान कंपनी त्याला बसू देत नाही. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर कंपनीला दंड होतो. २००१ च्या युरोपीय निर्देशाप्रमाणे हा दंड दर प्रवाशामागे हजारो युरो असतो. आपल्याकडेही २००० सालापासून असा कायदा होता आणि २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्यात ती तरतूद कायम आहे. साहजिकच विमानतळावर तिकीट तपासणारा कारकून हाच खरा सीमारक्षक झाला आहे. त्याला निर्वासितांचा कायदा शिकवलेला नसतो. फक्त दंडाचा आकडा सांगितलेला असतो. न्यायाधीशाने महिनोन् महिने विचार करून ठरवायचा प्रश्न तो अर्ध्या मिनिटात निकालात काढतो.

आता तोच माणूस दलालाकडे जातो. विमानाच्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे मोजतो. शेत विकतो, बायकोचे दागिने विकतो. त्या पैशाच्या बदल्यात त्याला एका रबरी होडीत जागा मिळते. २०१४ पासून भूमध्य समुद्रात बुडून मेलेल्या नि बेपत्ता झालेल्यांची आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने केलेली नोंद तीस हजारांच्या पुढे गेली आहे. एकट्या २०१६ साली हा आकडा पाच हजारांवर होता. दलालांना पकडा, होड्या जाळा, अशी भाषणे सगळे पुढारी करतात. परंतु ज्या दुकानाला सरकार स्वतःच गिऱ्हाईक मिळवून देते ते दुकान पोलिसांच्या काठीने बंद होत नसते. समोर सरळ भावाचे दुकान उघडले तरच ते बंद होते.

दुसरा मुद्दा मर्जीचा. नियम नसतो नि मर्जी असते तेथे दोन गोष्टी होऊ शकतात आणि दोन्हींचे दाखले आहेत.

पहिला दाखला १९४० चा आहे. गोव्यावर तेव्हा ज्या पोर्तुगालचे राज्य होते त्याच देशाचा आरिस्तिदेश द सूझा मेंदेश हा वाणिज्यदूत फ्रान्समधील बोर्दो शहरी होता. हिटलरचे सैन्य फ्रान्समध्ये घुसले होते आणि ज्यू व इतर हजारो लोक वकिलातीपुढे गोळा झाले होते. सालाझार सरकारचे १९३९ चे परिपत्रक सांगत होते की, अशा लोकांना लिस्बनच्या पूर्वसंमतीवाचून व्हिसा देऊ नये. सूझा मेंदेशने परिपत्रक बाजूला सारले आणि जून १९४० मध्ये हजारो लोकांना व्हिसा दिले. सरकारने त्याला परत बोलावून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. १९५४ साली तो हलाखीत वारला. त्याच्या देशाच्या संसदेने त्याला निर्दोष ठरवले ते १९८८ साली.

दुसरा दाखला बेल्जियमचाच. ज्या सुमारास अलेप्पोच्या त्या कुटुंबाला नकार मिळाला त्याच सुमारास बेल्जियम सरकार काही सीरियन ख्रिस्ती लोकांना आपल्या मर्जीने मानवतावादी व्हिसा देतही होते. यादी कोण देणार? मध्यस्थ. मेखेलेन शहराचा एक नगरसेवक या यादीत नाव घालण्यासाठी लोकांकडून हजारो युरो उकळीत होता. जानेवारी २०२१ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने त्याला आठ वर्षांची शिक्षा सुनावली.

खिडकीमागे सूझा मेंदेश बसला असेल तर जीव वाचतात. यादी नगरसेवकाच्या हाती असेल तर जीव विकले जातात. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती यातले काहीच नसते. म्हणून मी म्हणते की हा हक्क असला पाहिजे. हक्क असला म्हणजे नकाराचे कारण विचारता येते, वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि मध्यस्थाला खायला जागा उरत नाही.

काबूल, २०२१

ही सगळी युरोपची रडकथा, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. त्यांनी काबूलकडे पाहावे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. अमेरिकेने आपली वकिलात बंद केली. अफगाण लोकांना सांगण्यात आले की, तातडीच्या मानवतावादी प्रवेशासाठी अर्ज करता येईल. दर अर्जाला ५७५ डॉलर फी. चाळीस हजारांहून अधिक अर्ज गेले. पुढे मेख अशी निघाली की, तपासणीसाठी अमेरिकेची वकिलात असलेल्या दुसऱ्या देशात स्वतः हजर राहावे लागेल. त्या दुसऱ्या देशात जायला पुन्हा त्या देशाचा व्हिसा! आधी बाहेर जा, मग बाहेर जाण्याचा परवाना मिळेल, असा हा न्याय. मंजूर झालेले अर्ज मोजकेच होते. फी मात्र बहुतेकांकडून वसूल झाली.

आपल्या देशाने काय केले? काही चांगले केले, ते आधी सांगितले पाहिजे. ‘देवी शक्ती’ मोहिमेत भारताने आपल्या नागरिकांबरोबर काही अफगाण शीख व हिंदू कुटुंबांनाही विमानाने आणले. १७ ऑगस्टला सरकारने अफगाण लोकांसाठी तातडीचा ई-व्हिसा जाहीर केला. त्यासाठी वकिलातीत जायला नको, घरूनच अर्ज करता येई. मी वर जे मागते आहे त्याच्या हे फार जवळचे होते. पण २५ ऑगस्टला दुसरा हुकूम निघाला. काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या वार्ता आल्याने भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द ठरवण्यात आले. यायचे तर फक्त नव्या ई-व्हिसावर यायचे.

या हुकुमात आपल्यासारखी मुले सापडली. भारतातील विद्यापीठांत अफगाण विद्यार्थी बऱ्याच संख्येने शिकत आले आहेत. पुण्यात तर ते सर्वांच्या ओळखीचे. कोरोनाच्या साथीत कॉलेजे बंद झाली तेव्हा त्यांतले अनेक जण घरी गेले होते. हॉस्टेलवर पेटी ठेवलेली, वर्ष अर्धे झालेले, व्हिसा हातात. तो व्हिसा एका रात्रीत निकामी झाला. नवे अर्ज गेले, पण कित्येकांना उत्तरच आले नाही. नकार आला असता तर निदान दुसरी वाट धरता आली असती. मग २० डिसेंबर २०२२ रोजी तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारे बंद केली. या दोन तारखांच्या मध्ये सोळा महिने होते. इतक्या अवधीत भारतात प्रवेश मिळालेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या अर्जाचा निकाल लागला असता तर ती आज पदवीधर असती. माझ्या वयाच्या मुलीचे काय गेले याचा हिशेब करायला मला कोणतेही कोष्टक लागत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

या मागणीवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. शिबीच्या कथेतला ससाणासुद्धा काही खोटे बोलत नव्हता. माझी भूक खरी आहे, असेच तो म्हणत होता. आज राष्ट्रेही म्हणतात की, आमच्याच लोकांना घर नाही, काम नाही. खिडकी उघडली तर लाखो अर्ज येतील.

येतील, हे खरे. म्हणून दरवर्षीची संख्या ठरवा, अग्रक्रम ठरवा. ऑस्ट्रेलिया दरवर्षी असा आकडा ठरवून मानवतावादी व्हिसा देते. स्वतःच्या देशातच अडकलेल्यांसाठी आणि धोक्यात असलेल्या स्त्रियांसाठी तेथे वेगळे वर्ग आहेत. जागा थोड्या आहेत, रांग लांब आहे. पण रांग आहे. रांग नसते तेथे धक्काबुक्की असते आणि धक्काबुक्कीत जो दांडगा तोच पुढे जातो. समुद्र ओलांडून धडधाकट तरुण पोहोचतात. म्हातारी माणसे, बाळंतिणी, अपंग, आजारी मागे राहतात. सर्वांत गरजू कोण हे ठरवायचे असेल तर खिडकीच हवी.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. पण वकिलातीत आधी चौकशी करून आणलेला माणूस अधिक भरवशाचा, की अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर उतरलेला?

तिसरा आक्षेप कागदपत्रांचा. खोटे दाखले येतील, म्हणतात. आपण सीमाभागातील मुले या बाबतीत थोडे जाणतो. माझ्या एका नातेवाइकांचे नाव शाळेच्या मराठी दाखल्यावर एक आणि जमिनीच्या कन्नड उताऱ्यावर दुसरे पडले आहे. दोन्ही खरी, पण हा एकच माणूस आहे हे सिद्ध करायला एका कचेरीत त्यांचे दीड वर्ष गेले. तेही शांततेच्या काळात, स्वतःच्या जिल्ह्यात. अफगाणिस्तानात कालगणनाच वेगळी असल्याने आणि जन्माची नोंद नसल्याने असंख्य लोकांच्या कागदावर १ जानेवारी हीच जन्मतारीख असते. कागद जुळत नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. संशय आला तर मुलाखत घ्या, त्याच्या भाषेचा दुभाषा द्या, चौकशी करा. पण छळणाऱ्याचाच दाखला आणा, असे छळलेल्याला सांगू नका.

चौथी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. वकिलातीपुढच्या रांगेत कोण उभे आहे हे छळणारेही पाहत असतात. व्हिएतनाममध्ये याचा अनुभव आलेला आहे. १९७५ नंतर तेथून लाखो लोक होड्यांतून पळाले आणि कित्येक समुद्रात बुडाले. तेव्हा १९७९ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांनी व्हिएतनाम सरकारशी करार करून देशातूनच अर्ज करण्याची आणि विमानाने जाण्याची सोय केली. तिच्यातही दोष होते. व्हिएतनाम सरकारच्या परवानगीशिवाय कोणाला निघता येत नसे आणि नाव नोंदवणाऱ्यावर नजर राही. तरीसुद्धा पुढच्या काळात या वाटेने पाच लाखांहून अधिक माणसे जिवंत बाहेर पडली. म्हणून मी ‘घरून किंवा जवळच्या वकिलातीतून’ असे म्हणते. रांगेत उभे राहणे धोक्याचे असेल तेथे अर्ज गुपचूप करता आला पाहिजे, आणि आजच्या काळात ते अशक्य नाही.

आपल्या जवळचे दाखले

बेळगावहून कोल्हापूरला जाणारे पुष्कळ लोक लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला उतरतात. त्या बाजारपेठेच्या जागी वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सरकारने १९४० च्या सुमारास त्यांना पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकले होते. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे इकडे आली. ती सीमेवर चोरून शिरली नाहीत. या म्हणून आधी सांगितले गेले, जागा ठरली, मग त्यांना आणले गेले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी ही बाजारपेठ उभी केली. निर्वासित म्हणजे नुसते ओझे, असे म्हणणाऱ्यांनी गांधीनगरच्या उलाढालीकडे एकदा पाहावे.

दुसरा दाखला हुबळीपलीकडच्या मुंडगोडचा. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांना तत्कालीन म्हैसूर राज्याने जमिनी दिल्या. आधी बैलकुप्पे आणि १९६६ मध्ये मुंडगोड येथे वसाहत झाली. कर्नाटकाने हे जे केले त्याचा आपणा दोन्ही भाषकांना अभिमान वाटावा.

पण यातही एक गोष्ट खटकते. हे सारे सरकारच्या इच्छेवर झाले. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्यातही ‘निर्वासित’ या शब्दाची व्याख्या नाही. २०१५ साली लोकसभेत आश्रयाविषयी एक खाजगी विधेयक मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमा लोकांच्या प्रकरणात सांगितले आहे की, जीविताचे संरक्षण देणारे घटनेचे २१ वे कलम परकीय माणसालाही लागू आहे. तेही पुन्हा मांडीवर येऊन पडलेल्यासाठी.

मागणी

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडते. भारताने आश्रयाचा कायदा करावा आणि त्यात मानवतावादी व्हिसाचा कायम वर्ग असावा. संकट कोसळल्यावर घाईने काढलेला नि दुसऱ्या हुकुमाने निकामी केलेला नको. अर्जाला फी नसावी. निर्णयाला मुदत असावी आणि नकाराला लेखी कारण असावे. आपल्या विद्यापीठांत ज्यांना प्रवेश मिळालेला आहे आणि ज्यांच्या देशात त्यांच्या शिक्षणावर किंवा जिवावर घाला आला आहे, अशा विद्यार्थ्यांचा विचार आधी व्हावा.

आपण विद्यार्थी याहून काय करू शकतो? आपल्या खासदारांना पत्र लिहू शकतो, मराठीत आणि कन्नडमध्ये, एकाच कागदावर दोन्ही भाषांत. वादविवाद मंडळात हा विषय घेऊ शकतो. अडकून पडलेल्या परदेशी विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून काढू नये आणि त्याची जागा राखून ठेवावी, असा ठराव विद्यार्थी संसदेत करू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत. असे विद्यार्थी आपल्या कॉलेजात आज नसतील, तरी नियम आधी केलेला बरा. छत्री पाऊस येण्यापूर्वी दुरुस्त करतात.

पोलंडच्या बायका-मुलांना ‘या’ म्हणणारे कोणीतरी होते, म्हणून वळिवड्याची छावणी झाली. काबूलमध्ये अर्ज करून बसलेल्या मुलीला ‘ये’ किंवा ‘येऊ नको’ यांपैकी एकही शब्द मिळाला नाही. निदान एक शब्द, मुदतीत आणि कारणासह, तिला कायद्याने मिळावा, यात फार मोठे काही मागितले आहे असे मला वाटत नाही.